पायी चालणाऱ्यांचा रस्ता

गेल्या पावसाळ्यात गावी असताना छत्रीची एक काडी मोडली. छत्री जुनी, काळ्या कापडाची आणि लाकडी मुठीची. वडील वापरत असत ती. कोकणच्या पावसात छत्री मोडणे ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. पण फाट्यावरच्या दुकानात तिच्या दुरुस्तीची चौकशी केली, तेव्हा दुकानदाराने मोबाइलवरची नजर न काढताच उत्तर दिले, "दुरुस्ती कोण करतंय आता, दादा? दोनशेला नवी देतो, घडीची." महाडच्या बाजारात विचारले, तेथेही कोणी नाव सांगू शकले नाही. शेवटी ती मोडकी छत्री पिशवीत घालून मी मुंबईला आणली आणि लालबागच्या पुलाखाली पोते अंथरून बसणाऱ्या एका कारागिराने ती माझ्यासमोर नीट करून दिली.

हा उलटा प्रवास मला बोचत राहिला. माझ्या लहानपणी मे महिन्यात गावी येणारे चाकरमानी मुंबईहून खाऊ आणत, तशाच मोडक्या वस्तूही आणत. चिरलेला तांब्या, धार गेलेली विळी, कल्हई उडालेली पातेली, एखाद्या ट्रंकेचा निखळलेला कोयंडा. मुंबईत या कामांना माणसे नव्हती असे मुळीच नाही. पण गावी ती स्वस्तात होत, ओळखीच्या हातून होत आणि सुट्टीत माणसाला फाट्यावर बसून राहण्यासाठी एक निमित्तही मिळे. दुरुस्ती गावाकडची आणि खरेदी मुंबईची, असा जणू अलिखित करार होता. तो केव्हा मोडला आणि कोणी मोडला, हे मी तेव्हापासून आठवून पाहतो आहे.

छत्रीवाल्याचे काम मी उभे राहून पाहिले. त्याच्या पुढ्यात मेलेल्या छत्र्यांचा ढीग होता आणि त्यातूनच तो सुटे भाग काढत होता. माझ्या छत्रीची काडी जेथे मोडली होती तेथे त्याने आधी बोट फिरवले, मग ढिगातल्या चार-पाच काड्या तिच्याशेजारी धरून लांबी जुळवली. जुळली ती काडी पकडीने कापली, टोक दगडावर ठोकून चपटे केले, सुईएवढ्या टोच्याने त्याला भोक पाडले आणि बारीक तार ओवून पीळ दिला. कापडाचे टोक मात्र त्याने दोऱ्याने शिवले. तेथे तार लावली तर कापड फाटते, असे त्याने न विचारता सांगितले. मग छत्री दोनदा उघडून मिटली, खटक्यात तेलाचा थेंब सोडला आणि म्हणाला, "काका, असं कापड आता मिळत नाही. काडीसाठी फेकू नका." पावसाळा संपला की तो तेथेच बसून बॅगांच्या चेनी बसवतो. माणूस सोलापूरकडचा. त्याच्या गावात छत्री कोण दुरुस्त करतो, असे मी विचारले, तेव्हा तो हसला. तेथे आता पाऊस तरी कुठे पडतो, म्हणाला.

आमचे गाव महाडच्या अलीकडे, मुंबई-गोवा महामार्गाला चिकटलेले. आज त्याचा क्रमांक ६६ आहे, पण आमच्या पिढीच्या तोंडी तो अजूनही सतरा नंबरचा हायवे आहे. गावाकडे वळणाऱ्या फाट्यावर एक जुना वड होता. त्याच्या पश्चिमेच्या अंगाला सायकलीचे दुकान, त्याला लागून चहाचे हॉटेल, पलीकडे भातगिरणी आणि आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी मोकळ्या जागेत नालबंद. एसटीचा थांबा याच वडाखाली होता. गाडी वेळेवर येत नसे, म्हणून हे सगळे धंदे चालत. भातगिरणीचे डिझेल इंजिन सकाळी सुरू झाले की त्याच्या धुराड्यावरची पत्र्याची टोपी टकटक उडत राही आणि तो ठोका वाडीपर्यंत ऐकू येई. गिरणीमागे तुसाचा डोंगर असे. त्यात उडी मारली की अंग दोन दिवस खाजत असे, तरी आम्ही उड्या मारत असू.

नालबंदाचे काम मला सर्वांत जास्त आठवते, कदाचित त्यात थोडी भीती मिसळलेली असल्यामुळे. बैलाच्या पायांना दोराचा वेढा घालून तो विशिष्ट दिशेने ओढला की एवढे मोठे जनावर एका कुशीवर धप्पदिशी पडे. एक जण मान दाबून धरी. चारी पाय एकत्र बांधून, खाली लाकडाचा आधार देऊन, नालबंद खुरांचे तळ तासू लागे. तासलेल्या खुराचा वास जळक्या केसांसारखा उग्र नसतो. तो ओल्या लाकडाला जवळचा असतो. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या आणि एका बैलाला आठ. प्रत्येक पत्रीला बारीक चपट्या डोक्याचे खिळे. खिळा खुराच्या कडेतून तिरपा बाहेर आला पाहिजे. जरा आत गेला तर बैल लंगडतो. बाहेर आलेले टोक पिळून मोडायचे आणि कानशीने घासून टाकायचे. हे सगळे चालू असताना बैलाचा वरच्या बाजूचा डोळा आकाशाकडे लागलेला असे आणि त्यात वडाच्या पारंब्या दिसत. सोडल्यावर तो उठे, क्षणभर गोंधळून उभा राही, आणि डांबरावर त्याची पहिली पावले टक् टक् वाजत. त्या आवाजाने स्वतःच दचकलेले बैल मी पाहिले आहेत.

नालबंद हा गावगाड्यातला पुरातन माणूस आहे, अशी माझी समजूत होती. आजोबांनी ती सहज बोलण्यात मोडून काढली. ते म्हणाले की त्यांच्या तरुणपणी आमच्या बाजूला बैलाला पत्री मारण्याची गरजच पडत नसे. भाताच्या चिखलात चालणाऱ्या जनावराला लोखंड कशाला? कोळसा, लाकूड आणि भात घेऊन गाड्या खडीच्या आणि मग डांबराच्या रस्त्याने महाडच्या पेठेत जाऊ लागल्या, खूर झिजू लागले, आणि मग नालबंद आला. म्हणजे ज्याला मी जुन्या काळचा वारसा समजत होतो तो या रस्त्याचाच मुलगा होता. पुढे त्याच रस्त्यावरून टेम्पो आले, गाड्या मोडीत निघाल्या आणि एका बाजारच्या दिवशी तो आला नाही. त्याची वाट कोणी पाहिल्याचेही मला आठवत नाही.

सायकलीच्या दुकानाची गोष्टही अशीच आहे, फक्त तिचे मूळ लालबागमध्ये आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतला गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. महिन्या-दोन महिन्यांत मिटेल म्हणून कोकणातली माणसे गावी आली, आणि त्यांतली पुष्कळशी परत गेलीच नाहीत. आमच्या फाट्यावरचा सायकलवाला गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामात होता. मागावर काम केलेल्या माणसाच्या बोटांना यंत्राची भाषा कळते; त्याने महाडहून चार जुन्या सायकली आणल्या, वडाच्या फांदीला टायर टांगले आणि तासाला आठ आण्यांनी सायकली भाड्याने द्यायला सुरुवात केली. चहाचे हॉटेल काढणारा त्याचा चुलतभाऊही गिरणीतलाच. आज कोणी 'गावाकडचे जुने धंदे' म्हणून हळहळू लागले की मला हे दोघे आठवतात. तो वडाखालचा बाजार निम्मा तरी मुंबईने बाहेर फेकलेल्या माणसांनी उभा केला होता आणि त्याचे वय आम्हाला वाटते त्याहून फार लहान होते.

दुकानातल्या सायकली मोठ्या माणसांच्या मापाच्या होत्या. मी दांड्याखालून पाय घालून, तिरका होऊन चालवायला शिकलो. उजवी मांडी साखळीच्या ग्रीसने कायम काळी असे. सायकलवाला प्रत्येक सायकलीचा नंबर आणि निघाल्याची वेळ खडूने फळीवर लिही. तास भरत आला की आम्ही फाट्याच्या अलीकडे थांबून अंदाज घेत असू, कारण त्याच्या घड्याळाची पाच मिनिटे नेहमी पुढे पळत. पंक्चर काढताना तो कोणाशी बोलत नसे. ट्यूबमध्ये हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात हाताहाताने फिरवायची, बुडबुडे दिसले की अंगठा दाबून तेथे काडीने खूण करायची, पुसायची, कानस मारायची, सोल्युशन लावून फुंकर घालायची. ते वाळेपर्यंत जो वेळ जाई त्यात गिऱ्हाइकाने करायचे काय? बोलायचे. गिऱ्हाइकाला घाई नसे, कारण तो चालत आलेला असे आणि चालत किंवा फार तर सायकलीवर परत जाणार असे. त्या सायकलींमध्ये दोन अ‍ॅटलास होत्या. त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी बंद पडला, ही बातमी वाचली तेव्हा मला आठवली ती खडूने लिहिलेली फळी.

कल्हईवाल्याविषयी मराठीत इतके लिहून झाले आहे की त्याला मी येथे नमस्कार करून पुढे जातो. पिंजाऱ्यालाही. त्यांच्याइतकी हळहळ कधी वाट्याला न आलेला एक धंदा मात्र सांगायला हवा, तो म्हणजे एसटीडीचा, पैसे देऊन परगावी फोन करण्याच्या खोलीचा. दहावीनंतर मी शिकायला लालबागच्या चाळीत काकांकडे आलो, आणि पुढच्या काही वर्षांत वडाखाली काचेची एक खोकेवजा खोली उभी राहिली. आत जेमतेम एक माणूस मावे. डोक्यावर छोटा पंखा, समोर लाल आकडे पळवणारा मीटर. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून जेवणे उरकून माणसे कंदील आणि बॅटऱ्या घेऊन रांगेला येत. इकडे चाळीत आमच्याकडे फोन नव्हता; शेजाऱ्यांचा 'पी. पी.' नंबर होता, आणि रात्री अकरा वाजता त्यांचे दार वाजले की मेलो मेलो व्हायचे. आई पलीकडून इतक्या मोठ्याने बोले की फोन नसता तरी ऐकू आले असते, असे काका म्हणत. रांगेतल्या सर्वांना माझी फी, माझा खोकला आणि माझे परीक्षेतले गुण ठाऊक असत. सुट्टीत गावी गेलो की अनोळखी माणसेही तब्येत विचारत. मोबाइल आला आणि हा धंदा इतक्या झपाट्याने गेला की त्याच्याभोवती आठवणींना साय धरायलाही वेळ मिळाला नाही. तरीही मला विचाराल तर फाट्यावरच्या सगळ्या दुकानांत सर्वांत जास्त रडणे आणि हसणे त्या काचेच्या खोक्यात झाले असेल.

महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम पनवेल ते इंदापूर टप्प्यात २०११ साली सुरू झाले आणि आमच्या बाजूला ते आणखी काही वर्षांनी पोहोचले. आधी वड गेला. ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांना मोबदला मिळाला. टपऱ्यांच्या नावावर फक्त सावली होती आणि सावलीचा पंचनामा होत नाही. आता फाट्याच्या जागी भराव आहे आणि त्यावरून गाड्या ज्या वेगाने जातात त्या वेगात गावाच्या नावाचा फलकही वाचून होत नाही. पुढे कशेडीचा बोगदा २०२३ च्या गणपतीत एका मार्गिकेपुरता उघडला, आणि घाटातल्या वळणावळणांवर चहा-भजीसाठी थांबणाऱ्या गाड्याही डोंगराच्या पोटातून निघून जाऊ लागल्या. हे वाईट झाले असे म्हणायला जीभ रेटत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या, हे आमच्या भागातला माणूस विसरू शकत नाही. त्या पुलावरून मी असंख्य वेळा खिडकीत डोके टेकवून, झोपेत, गेलो आहे. जुन्या अरुंद रस्त्यावर समोरासमोर धडकून गेलेली माणसे प्रत्येक वाडीत आहेत. आठवणींपायी तो रस्ता परत मागणे मला शक्य नाही.

आणि ज्याच्या आठवणी मी काढतो, त्याच्या घरच्यांना त्या तशा वाटतात का? सायकलवाल्याचा मुलगा महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. गेल्या गणपतीत त्याच्याशी बोलताना मी त्या वडाचा आणि खडूच्या फळीचा विषय काढला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "दादा, बाबांचे गुडघे उकिडवे बसून गेले. पावसात चार महिने धंदा नसायचा, तेव्हा तुमच्याच घरून भात उसना आणायचो. तुम्ही तासाभराचं भाडं देऊन सायकल चालवलीत, म्हणून तुम्हाला बरं आठवतं." त्यात राग नव्हता. लगेच त्याने चहा मागवला आणि विषय त्याच्या मुलीच्या बारावीवर गेला. पण आमच्यासारख्यांच्या सगळ्या ललित आठवणी गिऱ्हाइकाच्या बाकड्यावरून लिहिलेल्या असतात, हे त्याने किती सहज सांगून टाकले.

मुंबईत मात्र पुलाखालचा छत्रीवाला आहे. चावीवाला आहे, गटईचा ठेला आहे, सायकलीच्या चाकावर सुरीला धार लावणारा दुपारच्या वेळी चाळीखालून ओरडत जातो. जनरल पोस्ट ऑफिससमोर कबुतरखान्याजवळ पत्रे आणि मनीऑर्डरी लिहून देणाऱ्यांची रांग बसत असे. तिथले काही जण अजून पार्सले शिवून देण्याचे काम करताना मी पाहिले आहेत. जे खेड्याने टाकून दिले ते या शहराने पदपथावर सांभाळले, असे म्हणायचा मोह होतो, पण शहराने मुद्दाम काही सांभाळलेले नाही. येथे माणूस अजून चालतो, एवढेच त्याचे कारण असावे. गाडीतून उतरून स्टेशनबाहेर, स्टेशनातून कचेरीकडे, बाजारातून घराकडे, हातात पिशवी घेऊन रोज लाखो माणसे पायी जातात आणि चालणाऱ्या माणसालाच चपलेचा तुटलेला अंगठा जाणवतो. आमच्या गावात आता दूध आणायलाही मोटारसायकल निघते. ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्याला छत्रीवाला दिसणार तरी कसा? आणि दिसला, तरी त्याच्याकडे छत्री कुठे असते!

पदपथावरच्या या माणसांचेही काही खरे नाही. २०१४ साली पथविक्रेत्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला खरा. पण सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले, आणि त्यानंतर उच्च न्यायालयाने स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. तो निर्णय वाचून मला बरे वाटले होते, कारण संध्याकाळी दादरला उतरून चालताना जीव गुदमरतो आणि माझेही धक्के खाण्याचे वय आता राहिलेले नाही. त्याच संध्याकाळी मी पुलाखाली चावी बनवून घेतली असेल. मुंबईकराच्या मनात या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी गुण्यागोविंदाने राहतात.

गावाकडे यंदा एक नवीच भानगड उभी राहिली आहे. भरावाच्या खालून जो सेवारस्ता काढला आहे त्यावर मोठ्या गाड्या येत नाहीत, म्हणून संध्याकाळी वाडीतल्या बायका तेथे फिरायला जाऊ लागल्या. त्यांच्यापाठोपाठ शाळकरी मुले सायकली घेऊन आली, आणि दिवाळीनंतर एका तरुणाने अंडाभुर्जीची गाडी लावली. त्याच्याशेजारी आता एक जण मोबाइलच्या काचा बदलून देतो. टेबल, दिवा, चिमटा आणि समोर प्लास्टिकचे दोन स्टूल, एवढेच दुकान. त्यांतल्या एका स्टुलावर मी काच बदलून होईपर्यंत बसलो होतो आणि तेवढ्यात मला गावातल्या तीन लग्नांची आणि एका भावकीच्या वादाची सविस्तर माहिती मिळाली. ग्रामपंचायतीला त्यांच्याकडून भाडे हवे आहे, महामार्गवाले म्हणतात की जागा त्यांची आहे आणि दोघांनीही उठावे. माझा चुलतभाऊ पंचायतीत सदस्य असल्यामुळे या विषयावर घरी रोज तावातावाने चर्चा होते. तो म्हणतो, पावती फाडून बसू द्यावे. वहिनी म्हणते, भुर्जीचा वास थेट देवघरात येतो, तेव्हा गाडी निदान पन्नास पावले पुढे तरी न्यावी. भुर्जीवाला मात्र हलायला तयार नाही, कारण माणसे चालत येतात ती तेवढ्यापर्यंतच.